जाहीर आणि जमा

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. अब्रूचा प्रश्न आहे आणि गावाकडं ती आधीच बेताची आहे. एवढंच सांगतो, की आदर्श गाव बघायला हिवरे बाजारला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्या कधीकधी रस्ता चुकून आमच्याकडं येतात, चौकातला उकिरडा बघतात आणि कुणाला काही न विचारता वळून जातात. माझा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. लग्न असो, दहावा असो की सत्कार, मी अॅम्प्लिफायरमागं बसलेला असतो. बोलणाऱ्याचं तोंड सगळ्या गावाला दिसतं, पाठ तेवढी मला. त्यामुळं गावाबद्दलचं माझं मत तुम्हाला जरा वाकडं वाटेल, पण त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त पाठ मी पाहिली ती कानिफनाथ ठुब्यांची. गाव त्यांना नाना म्हणतं. नाना नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसवर होते. तिथं मशीनचा दणदणाट असा, की शेजारच्याकडं तंबाखू मागायची तर बोंब मारावी लागायची. उभी नोकरी अशी बोंबलण्यात घालवून नाना घरी आले तेव्हा सोबत दोन गोष्टी आणल्या. एक पेन्शन, जी एका किराणा पिशवीत संपते, आणि दुसरा तो आवाज. पेन्शनचा गावाला काही उपयोग नव्हता. आवाज मात्र गावानं लगेच कामाला लावला.

आमच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा असतो, आणि दोन कुस्त्यांच्या मधे देणग्या जाहीर होतात. देणगी आधी माईकवर द्यायची आणि मग सवडीनं खिशातून, अशी आमच्याकडची रीत. सवड कधी मिळते ते माणसावर आहे. नाना माईक धरून आखाड्याच्या कडेनं फिरत आणि माणसं हेरत.

"रामहरी पाव्हणं पुन्याहून आल्यात. किती पाव्हणं? पाच हजार? आवो, येवढ्या लांबून आलात, पेट्रोलच तेवढ्याचं जाळलं आसंल. अकरा करा की! अकरा हजार रुपये, टाळ्या!"

टाळ्या पडल्यावर पाहुणा काय करणार? बायको शेजारी, सोयरे समोर. तो हसून हात जोडायचा. एकदा एका माणसानं लांबच्या मित्राला हात केला, तर नानांनी त्याचे बाराशे एक जाहीर करून टाकले. पुढची दोन वर्षं तो यात्रेत हात खिशात घालून हिंडत होता. मी एकदा म्हटलं, "नाना, यातलं येतं किती?" नाना म्हणाले, "माईकवर आलं म्हंजी आलं. पैसे काय, येत्यालच." हे ते मनापासून बोलत. या माणसाला पैशाचा सोस कधीच नव्हता. टाळीचा होता, आणि तो दारूपेक्षा वाईट.

मग आमच्या गावाला सुधारण्याचा झटका आला. एक गाडी भरून मंडळी अभ्यासदौऱ्याला हिवरे बाजारला गेली. तिथली ग्रामसभा पाहिली, पिठलं-भाकरी खाल्ली, झाडाखाली फोटो काढले. परत येताच गावात प्रतिष्ठान स्थापन झालं. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली, शिक्का झाला, लेटरहेड झालं, आणि व्हॉट्सअॅपवर 'पारदर्शक गाव' नावाचा ग्रुप झाला. पेट्रोलपंपवाले अमृतशेठ अध्यक्ष झाले, कारण दुसरं कुणी झालं असतं तर त्यांनी होऊ दिलं नसतं.

खजिनदार कोण, यावर मात्र बराच खल झाला. शेवटी जयमाला साळवे हे नाव पुढं आलं. जयमालाताई गावातल्या आशा सेविका. बाळंतिणींना दवाखान्यात न्यायचं, लसीकरणाला पोरं गोळा करायची, हे त्यांचं काम. "एका नावात महिला बी आल्या आन् बौद्धवाडी बी आली," असं अमृतशेठ खुल्या दिलानं म्हणाले. त्यांच्या मते पुरोगामीपणा म्हणजे एका खुर्चीवर दोन रकाने बसवणं. ताई निमूटपणे सही करतील असाही एक हिशोब त्यात होता. सहीच्या आधी ताई वाचतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रतिष्ठानचं पहिलं काम ठरलं रुग्णवाहिका. तेही ताईंमुळंच. आदल्या पावसाळ्यात वस्तीवरची एक पोर दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बाळंत झाली होती आणि ताईंनी तिला तिथंच सांभाळलं होतं. पोर आणि बाळ दोघं वाचली. टेम्पोवाल्यानं नंतर दूध नासल्याची भरपाई मागितली, तेव्हा ताईंनी ठरवलं की गावाला स्वतःची गाडी हवी.

त्या वर्षीच्या यात्रेत नाना पेटले होते. अमृतशेठ एक लाख एक्कावन्न हजार. टाळ्या. ठेकेदार कल्याण एक्कावन्न हजार. टाळ्या. मग एकेकाला दुसऱ्याचं बघून ऊत आला. बारीक माणसंही उठली. भाजीवाल्या बनुबाईंनी एकशे एक रुपये सांगितले आणि लगोलग पदराची गाठ सोडून ताईंच्या हातावर ठेवले, तेव्हा लोक हसले. माईकवर बोललेलं तिथल्या तिथं देतात, हे कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी नानांना राहवेना. "आन् कानिफनाथ ठुबे, म्हंजी मी सोता, अकरा हजार एक!" सगळ्यात मोठी टाळी त्यालाच पडली. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या भागिरथीकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कपाळावर हात मारलेला मला दिसला. आकडा अकरा लाखांच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'रुग्णवाहिका लोकार्पण लवकरच'. फ्लेक्सचे पैसे मात्र रोख द्यावे लागले.

त्यानंतर जयमालाताई पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू लागल्या. कुणाचा कांदा विकायचा होता. कुणाचं उसाचं बिल यायचं होतं, आणि ते ज्या कोपरगावच्या मेव्हण्याच्या नावावर होतं त्याच्याशी बोलणं बंद होतं. कुणी म्हणालं, "ताई, माझं नाव नानांनीच घेतलं, मी कुठं सांगितलं?" कल्याण म्हणाला, "आधी बाकीच्यांचं येऊ द्या, माझं काय, रेडीच हाय." अमृतशेठनी अकरा हजार दिले आणि उरलेल्याचं नाव काढल्यावर ताईंना सरबत पाजलं. पुण्याच्या पाहुण्यांनी फोन उचलणं सोडलं. वर्षभरात जमले चार लाखांच्या आत. एवढ्यात गाडीची चाकं आणि सायरन आला असता.

गाडी आली नाही तसं गाव विचार करू लागलं. विचार करण्याची आमची जागा म्हणजे पानटपरी आणि तो ग्रुप. अकरा लाख जाहीर झाले, गाडी नाही, मग पैसे कुठं आहेत? खजिनदाराकडं. खजिनदार कोण? साळवेबाई. त्याच सुमाराला ताईंनी मुलीला, प्रज्ञाला, नगरच्या नर्सिंग कॉलेजला जायला कर्जावर स्कूटी घेतली होती. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तिकीट अजून नगरचंच मागतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. कल्याणनं ग्रुपवर त्या स्कूटीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'गावाची रुग्णवाहिका आली, दर्शन घ्या.' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

हे लिहिताना मला अजून राग येतो. हेच पैसे अमृतशेठकडं आहेत असं वाटलं असतं, तर गाव म्हणालं असतं, 'फिरवत असतील, येतील माघारी.' साळव्यांच्या घरात आहेत असं वाटलं, म्हणून ते 'खाल्ले'. बाकी काहीही फरक नव्हता.

ताईंनी सगळं रीतीनं केलं. नगरच्या सीएकडून ऑडिट करून घेतलं, अहवाल धर्मादाय कार्यालयाला गेला, एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. सीए साहेबांनी त्यांना साधी गोष्ट सांगितली होती, "पावती फाटली आणि बँकेत आली ती रक्कम मी लिहिणार. माईकवर काय बोलले त्याचं मी काय करू?" बरोबरच होतं. पण फलकाजवळ उभं राहून कल्याण म्हणाला, "कागदाला काय, कागद कसा बी करता येतोय. अकरा लाख आमी आमच्या कानानं ऐकल्यात." आणि लोकांनी माना डोलावल्या. गंमत बघा, हिशेब मागणाऱ्यांत जे पुढं होते त्यांच्यातल्या एकानंही पुरते पैसे दिलेले नव्हते. न दिलेल्या पैशाचं काय केलं, असा त्यांचा प्रश्न होता.

एका सकाळी मी नानांच्या अंगणात पंपाच्या स्टार्टरची वायर जोडत होतो. जयमालाताई आल्या. भागिरथीकाकूंनी चहा ठेवला. ताई बसल्या नाहीत.

"नाना, लोक म्हनत्यात आमी कानानं ऐकलं. खरंय त्यांचं. आवाज तुमचा हुता."

"मला जे सांगितलं ते मी म्हनलो, ताई. त्यात माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई. पन जाहीर झालं ते समद्या गावानं ऐकलं, आन् आलं किती ते कुनी म्हनलंच न्हाई. तेवढं तुमी म्हना."

नानांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "नावानिशी म्हनायचं? लोकं चिडत्याल की."

"माझी पोरगी कॉलेजला स्कूटी घरी ठिवून एसटीनं जाती. तिच्याकडं बघून कोन चिडलं न्हाई."

तेवढ्यात काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. "आन् आपलं अकरा हजार? ते आलं का ग ताई?" त्यांनी सरळ विचारलं. ताईंनी नानांकडं न बघता मान हलवली. काकू म्हणाल्या, "मला वाटलंच. जाहीर करताना घरात इचारायची पद्धत न्हाई." नानांनी चहा तसाच ठेवला. मी स्टार्टरमधे डोकं घातलं, पण त्यांची पाठ मला दिसत होती आणि ती पहिल्यांदाच वाकलेली होती.

अमृतशेठनी तोडगा काढला. मोठ्या माणसांचे तोडगे नेहमी दुसऱ्याच्या खर्चानं असतात. प्रतिष्ठानची वार्षिक सभा देवळाच्या ओट्यावर घ्यायची, जयमालाताईंनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा द्यायचा, नानांनी तो माईकवर वाचायचा, आणि विषय संपला. नावं बाहेर काढायची नाहीत, कारण त्यानं देणगीदारांचा अपमान होतो. ताईंनी राजीनामा दिला तर पैसे खाल्ल्याचं कायमचं शाबीत होणार होतं, हे कमिटीतल्या सगळ्यांना कळत होतं. त्यावर अमृतशेठ म्हणाले, "लोकं इसरत्यात. चार म्हैन्यात कोन इचारत बी न्हाई." आणि नानांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "यंदाच्या यात्रेचा माईक तुमच्याकडंच, नाना. फक्त येवढं नीट वाचा."

सभेला गाव लोटलं होतं. फुकट तमाशाला आमच्याकडं कोरम कधी कमी पडत नाही. अमृतशेठनी पारदर्शकतेवर भाषण केलं, चांगलं लांबलचक, मला दोनदा आवाज कमी करावा लागला. मग नाना उठले. हातात राजीनाम्याचा कागद होता. तो त्यांनी घडी करून खिशात घातला.

"जयमालाताई, हिकडं या. माझ्याशेजारी. पावतीपुस्तकं घ्या. मी जाहीर सांगतो, तुमी जमा सांगा."

ताई उठल्या. नाना नेहमीच्या त्या यात्रेच्या आवाजात सुरू झाले. "कानिफनाथ ठुबे, म्हंजी मी सोता. जाहीर, अकरा हजार एक!"

ताईंचा आवाज अगदी बारीक आला. "जमा, काही न्हाई."

"टाळ्या!" नाना म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. नाना थांबून राहिले, टाळीची वाट बघत, आणि नाही आली म्हणून पुढं गेले. "अमृतशेठ, जाहीर एक लाख एक्कावन्न हजार!" "जमा अकरा हजार." "कल्याणराव ठेकेदार, जाहीर एक्कावन्न हजार!" "जमा काही न्हाई." जाहीर केलेले आकडे त्या माणसाला एकूण एक पाठ होते. टाळीचे असतात तसे. तिसऱ्या-चौथ्या नावाला ताईंचा आवाजही मोकळा झाला.

कल्याण धावत माझ्याकडं आला. "माईक बंद कर. बंद कर म्हनतो ना!" मी म्हटलं, "सभेचं भाडं अजून मिळालेलं नाही, तेव्हा सध्या माईक माझ्या घरचाच आहे." आणि खरं सांगायचं तर मी आवाज थोडा वाढवला. लांब वस्तीपर्यंत भोंगे लावलेले होते, तेही बरंच झालं.

मधेच एक नाव आलं, "बनुबाई, जाहीर एकशे एक." "जमा एकशे एक." तेव्हा मागून कुठून तरी टाळी आली, मग दुसरी, मग सगळ्या बायकांची. पुरुष मंडळी तोवर चपला शोधत होती. रामहरी पाहुण्यांचे मेव्हणे, दोन माजी पदाधिकारी आणि स्वतः कल्याण लघवीच्या निमित्तानं गेले ते आले नाहीत. जाहीर साडेअकरा लाखांच्या आसपास, जमा चार लाखांच्या आत. शेवटी नाना एवढंच म्हणाले, "मधले पैसे जयमालाताईनं खाल्ले न्हाईत. ते आमच्या खिशातनं निघालेच न्हाईत. वाढवून सांगायला लावनारा मी हुतो, ते बी ध्यानात घ्या."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शांतता होती. स्कूटीचा फोटो कल्याणनं काढून टाकला. माफी मागितली नाही, उलट म्हणाला की आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, हिशेब वाचा. महिन्याभरात शरमेनं म्हणा, बायकांच्या तोंडाला भिऊन म्हणा, अडीच-तीन लाख आले, तरी गाडीला ते कमीच होते. बहुतेकांनी ते मुलांच्या हाती पाठवले. नानांची पेन्शन ज्या दिवशी जमा होई, त्या दिवशी ते त्यातले हजार रुपये ताईंकडं नेऊन देत आणि पावती घेत.

आणि कमिटीनं तातडीची बैठक घेऊन ठराव केला, की देणगीदारांचा मान राखण्यासाठी यापुढं कानिफनाथ ठुबे यांच्याकडं माईक देऊ नये. एकमतानं. त्या वर्षी हगाम्यात नाना कडेला बसून कुस्त्या बघत होते. माईक कल्याणच्या भाच्याकडं होता. त्यानं "देणगी द्या" म्हणून बराच गळा काढला, पण आखाड्याभोवतीच्या एकूण एक माणसाचे हात खिशात होते.

पुढच्या सभेत जयमालाताईंनीच राजीनामा ठेवला. खराखुरा. त्या म्हणाल्या, "माझं नाव धुऊन निघालं, माझी पोर परत स्कूटीवर जाती, मला बास. आता दुसऱ्या कुनी तरी सांभाळा. अट येकच, दर सभेला जाहीर आन् जमा असंच माईकवर वाचायचं." अमृतशेठनी विचारलं, खजिनदार व्हायला कोण तयार आहे? ज्या पदासाठी आधी कुजबुज चालायची, त्याला गावातला एकही प्रतिष्ठित माणूस पुढं येईना. कुणाची शेती अचानक वाढली, कुणाची साखर. शेवटी अमृतशेठ हात जोडून म्हणाले, "ताई, तुमीच ठिवा."

"ठिवते," ताई म्हणाल्या. "पन वाचायला नाना पाहिजेत."

अमृतशेठ चरफडले, तरी मला खूण केली. मी माईक नानांपुढं नेला. या माणसाला त्याच्यापेक्षा प्रिय काही नव्हतं, हे मला माहीत होतं. नानांनी हात मागं घेतला.

"माझं अजून पुरतं जमा न्हाई," ते म्हणाले. "ज्याचं पुरतं हाय त्यानं वाचावं."

मी माईक घेऊन ओट्यावर उभा राहिलो आणि माणसं एकमेकांकडं बघू लागली. अध्यक्ष बाद, उपाध्यक्ष बाद, सगळी पुढची रांग बाद. मग बायकांनी बनुबाईंना ढकलत पुढं आणलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी माईक मक्याच्या कणसासारखा दोन्ही हातांनी धरला, आणि तोंडाजवळ नेऊन बोलल्या.

"मी येकशे येक रुपये दिल्ते. त्याचं काय झालं?"

एवढ्या मोठ्या गदारोळात ज्यांनी पैसे दिले त्यांच्यापैकी कुणी हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. हसायला कुणी धजावलं नाही. जयमालाताई खुर्चीवरून उठल्या, म्हाताऱ्या बाईसमोर नीट उभ्या राहिल्या, आणि गावापुढं त्यांनी बनुबाईंना एकशे एक रुपयांचा हिशेब दिला.